इंगोले मॅडमचा एक जून

"हे होणार नाही" असं कोणी सांगितलं की इंगोले मॅडम दोनच शब्द बोलायच्या. "कोण म्हणतं?"

ऐकायला तो प्रश्न वाटे, पण तो प्रश्न नसे. भाजीवाला म्हणाला मेथी संपली, की "कोण म्हणतं?" आणि मॅडमचा हात टोपलीच्या तळाशी. विजेच्या ऑफिसातला बाबू म्हणाला साहेब आज भेटणार नाहीत, की "कौन कहता है?" आणि मॅडम साहेबांच्या समोर. मुलींच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं हिंदीतून प्राणिशास्त्र शिकवलं. पण जयपूरच्या बाजारात भांडायची वेळ आली की त्या सरळ परभणीची मराठी काढायच्या आणि समोरच्याला ती कळायची. निदान तो माघार तरी घ्यायचा.

मी सांगलीहून नोकरीसाठी जयपूरला आलो आणि सोडाला भागात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पहिल्या दिवशी किल्ली घेताना मी "काकू" म्हणालो. मॅडमनी चष्मा बदलला. त्यांच्याकडे दोन चष्मे असत, एक डोळ्यांवर आणि एक डोक्यावर. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना असतात तशी त्यांना नावं होती, दहा आणि चाळीस. दहाने माणूस दिसे, चाळीसने अक्षर. माझ्याकडे त्यांनी चाळीसने पाहिलं.

"काकू कुणाची? मी कुणाचीच काकू नाही. मॅडम म्हण. गाव कोणतं?"

"सांगली."

"बरं. ए सांगली, रात्री दहानंतर बादली आपटायची नाही."

तेव्हापासून मी सांगली झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शेवटपर्यंत मला कळलं नाही. दूधवाला टोंक होता, धुणी धुणारी बाई दौसा होती, आणि शेजारचे रिटायर्ड कर्नल त्यांच्या तोंडावर अलवर होते.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या कंपनीने ठरवलं होतं की सगळ्या ऑफिसांत नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. ही नवी सिस्टिम जुन्या कॉम्प्युटरवर बसत नाही. म्हणजे बसायला नकार देते. एका ठरावीक वयापुढचा कॉम्प्युटर दिसला की ती नम्रपणे सांगते, हे यंत्र पात्र नाही. माझं काम एवढंच की शाखाशाखांत हिंडून अशी यंत्रं शोधायची आणि त्यांच्यावर लाल स्टिकर लावायचा. स्टिकरवर एकच शब्द होता, 'अपात्र'. दिवसाला तीसचाळीस स्टिकर लावायचो. आमच्या घरी आजवर मला चहात साखर किती हे ठरवायचाही अधिकार मिळाला नव्हता, त्यामुळे हे काम मी जरा रुबाबातच करत होतो.

मॅडमच्या पुढच्या खोलीत असंच एक यंत्र होतं. काळा, उभा, पोटाला हात लावला की कोमट लागणारा डेस्कटॉप. त्याला वायरने सूक्ष्मदर्शक जोडलेला. सूक्ष्मदर्शकावर एक कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याचं एक कार्ड डेस्कटॉपच्या पोटात खोचलेलं. कॉलेजने मोडीत काढलेली ही जोडी मॅडमनी रिटायर होताना अर्ज करून घरी आणली होती. रोज सकाळी साडेसहाला त्या यंत्रासमोर बसायच्या आणि जयपूरजवळच्या चौमूं गावच्या अकरा मुलींचा ऑनलाइन वर्ग घ्यायच्या. या सगळ्या प्राणिशास्त्रात नापास झालेल्या. जुलैत त्यांची सप्लीमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा होती. कॉलेज लांब, घरचे पाठवत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची पाळी तर कॉलेजात असतानाही आली नव्हती. मॅडम काचपट्टी भिंगाखाली सरकवायच्या आणि चौमूंत अकरा मोबाइलांवर गांडुळाचं आतडं उमटायचं.

"दिख रहा है?"

"दिख रहा है, मैडम।"

"क्या दिख रहा है?"

दहा माइक बंदच. मग मंजू नावाची एक मुलगी, जी नेटवर्कसाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसायची, हमखास काहीतरी चुकीचं सांगायची. मॅडम खूश व्हायच्या. "गलत बताया, पर देख के बताया. बाकी दस तो सो रही हैं!"

मे महिन्यात त्या वर्गाच्या ॲपने पडद्यावर पिवळी पट्टी दाखवायला सुरुवात केली. जूनच्या मध्यापासून तुमच्या जुन्या सिस्टिमवर हे ॲप चालणार नाही. मॅडमनी मला खाली बोलावलं. मी यंत्र पाहिलं, गुडघ्यावर बसून मागचं लेबल पाहिलं आणि धंद्यातल्या माणसाच्या आवाजात सांगितलं, "मॅडम, नवी सिस्टिम यावर होणार नाही."

काय ऐकावं लागलं ते सांगायला नकोच.

"कंपनी म्हणते," मी म्हणालो.

"कंपनीनं हे मशीन बघितलंय का?"

"नाही. ती आत काय भाग आहेत, कोणत्या सालचे आहेत, ते बघते."

"म्हणजे दाखल्यावर ठरवती. हात लावून नाही बघत."

मी म्हणालो, असंच काहीसं. नवा लॅपटॉप घ्या, असंही म्हणालो. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं. नव्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड खोचायला जागा असते का? नसते. जुन्या कार्डाशिवाय कॅमेरा चालतो का? चालत नाही. नवा कॅमेरा त्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर बसतो का? तो कारखानाच बंद पडलाय. मॅडम वर्गातल्यासारख्या एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि मी नापास होत गेलो.

लॅपटॉप तसा घरात होताच. त्यांचा मुलगा गुडगावला असतो. जन्म जयपूरचा, शाळा जयपूरची. आईशी मराठीत बोलायचा त्याचा आग्रह मात्र पक्का. दिवाळीला येताना त्याने लॅपटॉप आणला होता. मॅडमनी त्याचा खोकाही फोडला नव्हता. खोका टेबलाखाली ठेवला होता आणि वर्ग घेताना त्यावर पाय ठेवायच्या. उंची अगदी बरोबर होती म्हणे. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला तेव्हा त्याने हे पाहिलं.

"आई, मतलब, तू समजत का नाही? तो कम्प्युटर एक्सपायर झाली आहे."

"झाला आहे."

"झाला आहे. आणि तू पण आता आराम करला पाहिजे. ऐसी भी क्या मजबूरी आहे? त्या मुलींना कोणी दुसरा शिकवेल."

"कोण?"

मुलगा वाकून खोक्यावरची धूळ पुसू लागला. मॅडम म्हणाल्या, "एकदा रिटायर केलं मला. केलं ना? दुसऱ्यांदा होणार नाही." एवढं बोलून त्यांनी त्याला आमरस वाढला. तो बिचारा चांगला माणूस होता. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाला, "भैया, तिला समजवा ना." मी मान हलवली. समजावणाऱ्यांची त्या घरात काय गत होते ते मी पाहिलं होतं.

तर एका रविवारी दुपारी, कूलरची घरघर चालू असताना, मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. यंत्र तापतं का, ते आधी पाहायचं होतं. झाकण काढलं. आत धुळीची गादी, आणि पंख्याच्या मागे, कोपऱ्यात, पालीचा अख्खा सांगाडा. मी किंचाळलो असेन, कारण मॅडम स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी डोक्यावरचा चाळीस डोळ्यांवर घेतला.

"हेमिडॅक्टिलस!" त्यांनी पालीला तिच्या शास्त्रीय नावाने हाक मारली. परभणीच्या यात्रेत हरवलेली बहीण सापडावी तसा आवाज होता. "हलू नकोस. फुंकर मारू नकोस. बोटं बघ, बोटं! एकही तुटलेलं नाही. आमच्या कॉलेजात तीस वर्षांत असं स्पेसिमेन झालं नाही रे. मुलींनी शेपट्या तोडल्या नुसत्या."

चिमट्याने तो सांगाडा काढायला पाऊण तास लागला. तोवर माझं काम बंद. तो कापसावर ठेवून, खाली चिठ्ठी लावून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौमूंला तो दाखवण्यात आला, स्थळ 'संगणकाच्या उदरपोकळीत' असं सांगून. मंजूने विचारलं, "मैडम, ये कंप्यूटर में कर क्या रही थी?" मॅडम म्हणाल्या, "वही जो तुम लोग करती हो. गर्मी में सो रही थी."

धूळ काढली, जुनी कण्हणारी डिस्क बदलून नवी टाकली. "एक अवयव बदलायला हरकत नाही," असा निर्णय मिळाला. सगळ्या काचपट्ट्यांचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले. मग नवी सिस्टिम घातलेला पेन ड्राइव्ह लावला. दोन मिनिटांत पडद्यावर ते नम्र वाक्य आलं. हे यंत्र पात्र नाही.

मॅडमनी ते वाचलं. मला वाटलं आता दोन शब्द येणार. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सांगली, तुझी जन्मतारीख काय?"

मी सांगितली.

"खरी?"

"खरीच की. दवाखान्यात जन्मलोय."

"माझी एक जून."

मी हसलो. मराठी माणसाला यात सांगण्यासारखं काही नसतं. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत घालताना तारीख कोणाला माहीत नसायची, मास्तर लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून मूलही जूनमध्ये सुरू.

पण मॅडमची गोष्ट त्याहून पुढची होती. त्यांचा मोठा भाऊ शाळेत जायला तयार नव्हता. ही बरोबर असली तरच जाईन म्हणायचा. ही पावणेचार वर्षांची. मास्तरांना पटावर मुली दाखवायच्या होत्या. त्यांनी हिचाही दाखला लिहिला, सहा वर्षं पूर्ण, एक जून. भाऊ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेला, त्याची तारीख पक्की होती. ती होती डिसेंबरची. आणि दाखल्यावर त्याच्या पुढच्याच जूनमध्ये बहिणीचा जन्म.

"म्हणजे माझ्या आईला सहा महिन्यांत दोन लेकरं," मॅडम म्हणाल्या. "बोर्डानं बघितलं, विद्यापीठानं बघितलं, इथल्या कॉलेजानं बघितलं. एकानं विचारलं नाही, बाई, हे झालं कसं? आणि मी शिकवायले काय, तर प्रजनन! माझा स्वतःचा जन्म माझ्याच विषयाला मान्य नाही."

मी हसत होतो, त्याही हसत होत्या. मग त्या थांबल्या.

"खरी मी पोळ्याची. आई सांगायची, भावाला तिसरं चालू होतं, बैल धुवायला ओढ्यावर नेले होते आणि घरी कुणी नव्हतं. सव्वादोन वर्षं खाल्ली रे मास्तरनं. रिटायर केलं तेव्हा कागदावर साठ होते. अंगात अठ्ठावन्नसुद्धा नव्हते. आणि एक तारखेचा जन्म म्हणून आदल्या महिन्याच्या एकतीसलाच घरी पाठवलं. मी प्राचार्यांना म्हणाले, मला हात लावून बघा, चाळीस पायऱ्या चढून दाखवते. ते म्हणाले, मैडम, कागज में तो यही है."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता. त्यांना त्या नोकरीची हाव नव्हती. शिकवायचं राहून गेलं होतं, इतकंच, आणि ते त्यांना सलत होतं. चौमूंच्या मुली म्हणजे त्या सव्वादोन वर्षांची भरपाई होती, हे मला त्या दुपारी कळलं.

मॅडमनी पडद्याकडे हनुवटी केली. "माझा एक जून करून मला शाळेत घातलं ना? मग ह्याचा पण कर."

आता खरं सांगतो. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते आणि ऑफिसात कोणी उच्चारत नाही. सिस्टिम बसताना जी तपासणी करते, ती वगळायला तिला सांगता येतं. दाखला बघू नकोस, सरळ वर्गात घे. मात्र मग पुढची जबाबदारी कंपनी घेत नाही. काही बिघडलं तर दाद मागायची सोय नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. दिवसाला चाळीस स्टिकर लावणारा मी, माझ्याच हाताने अपात्र यंत्राला पात्र करत होतो, आणि मजा येत होती हेही कबूल करतो.

सिस्टिम बसू लागली. अर्ध्या तासाने तिने खातं उघडायला सांगितलं. नाव, आडनाव, जन्मतारीख.

मॅडमनी सवयीने १ टाइप केला. मग जून निवडायच्या आधी हात काढून घेतला.

"सांगली, त्या साली पोळा कधी होता, ते सापडेल का?"

मोबाइलवर जुनं पंचांग शोधून मी त्यांना इंग्रजी तारीख काढून दिली. ऑगस्टच्या शेवटाकडची निघाली. त्यांनी ती चाळीसमधून नीट पाहिली, दोन बोटांनी भरली आणि म्हणाल्या, "मशीन खोटं बोलायलंय. घरात एकानं तरी खरं बोलावं."

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. नवी सिस्टिम चालली, ॲप चाललं, पण कॅमेरा काळा. पडद्यावर गांडूळ नाही की काही नाही. जूनचे पहिले दिवस होते, जुन्या सिस्टिमवर ॲप चालायची मुदत दहा दिवसांवर. मी ऑफिसातून येऊन रोज खटपट करायचो आणि रोज हरायचो. तिसऱ्या दिवशी मॅडमनीच इलाज काढला. कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ सीडी त्यांनी बेडकाच्या विच्छेदनाच्या ट्रेमधून शोधून आणली. तिला फॉर्मॅलिनचा वास येत होता. सीडीतलं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमने नाकारलं, पण त्यात एक सोय असते. याला जुन्या सिस्टिमसारखं चालव, असं सांगता येतं. मी ती खूण केली. पडदा लुकलुकला आणि त्यावर एक भलंमोठं, गुलाबी रंगवलेलं आतडं उभं राहिलं.

"म्हणजे जुन्यानं नव्याचं सोंग घेतलं आणि आता नव्यानं जुन्याचं," मॅडम म्हणाल्या. "फिटंफाट." मग त्यांनी मला धपाटे करून वाढले. जयपुरात ज्वारी मिळायची मारामार, त्यांचं पीठ परभणीहून यायचं, आणि ते पाहुण्यासाठी निघत नसे. त्यामुळे मी काय कमावलं ते मला कळलं.

एक गोष्ट मात्र राहिली. नव्या सिस्टिमने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरांत एक कायमची ओळ लिहून ठेवली. इंग्रजीत होती, अर्थ असा, की आवश्यक अटी पूर्ण होत नाहीत. मी म्हणालो, ही काढता येते. मॅडम म्हणाल्या, राहू दे.

मॅडमना फक्त गांडूळ दाखवायचं असे, पण वर्गात त्या नेहमी अख्खा पडदाच दाखवायच्या. मी शंभरदा सांगितलं, फक्त खिडकी दाखवा, सगळं दाखवू नका; त्यांना ते लपवाछपवीसारखं वाटायचं. त्यामुळे ती ओळ चौमूंला पहिल्याच दिवशी दिसली.

"मैडम, ये नीचे कोने में क्या लिखा है?" मंजू.

"वो मेरे बारे में है. तू ऊपर देख."

जुलैत परीक्षा झाली. अकरापैकी नऊ पास झाल्या. मंजू त्यात होती. तरी ती वर्गाला यायची थांबली नाही. सप्लीमेंट्रीत पास झालेल्याला वर्गात बसायचा हक्क काय, असं कोणीतरी विचारलं म्हणे. ते विचारणाऱ्याला काय उत्तर मिळालं असेल, ते वाचकांनी ओळखावं. नापास झालेल्या नव्या मुली आल्या, आता वर्ग सोळांचा झाला.

ऑगस्टमध्ये माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या सकाळी सामान गाडीत टाकून मी निरोप घ्यायला खाली आलो तेव्हा वर्ग नुकताच सुरू होत होता. मॅडमनी मला हाताने थांब म्हणून खूण केली. पाय लॅपटॉपच्या खोक्यावर, एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. त्यांनी काही शोधायला ब्राउझर उघडला. रोजच्या पानाच्या जागी आज एक रंगीत केक आला, मेणबत्त्यांसकट, वर त्यांचं नाव. अख्खा पडदा चौमूंला दिसतच होता.

"मैडम!" मंजू ओरडली, मागे टाकीत पाणी पडल्याचा आवाज. "आज आपका जन्मदिन है?"

"कौन कहता..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

त्यांनी डोक्यावरचा चाळीस घेतला, पडद्याजवळ वाकल्या आणि कोपऱ्यातली तारीख वाचली, खातं उघडताना त्यांनी दोन बोटांनी भरलेली तीच. मला निघायला उशीर होत होता, गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हाँ," त्या म्हणाल्या. "आज है."